मॉर्फिनची धास्ती, ट्रामाडॉलची सलगी

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, माझं औषधाचं दुकान आहे. दोनेक वर्षांपूर्वी डिसेंबरात एक मुलगी काउंटरपाशी आली. ओढणीच्या टोकात घट्ट धरलेली कागदी पुडी तिने माझ्यासमोर ठेवली आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "ताई, हे नशेचं औषध आहे म्हणतात. अप्पांना देऊ का नको?" अप्पांना गालाचा कॅन्सर होता. जन्मभर मागावर उभे राहिले आणि जन्मभर तोंडात मावा. पुडीत मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या, कॅन्सरच्या दवाखान्यातून मोजून दिलेल्या. त्यांना चार दिवस झाले होते आणि एकही गोळी पोटात गेली नव्हती. अप्पा रात्र भिंतीला डोकं टेकून बसून काढत होते.

मी तिच्याशी बोलत असतानाच मागून एक ओळखीचे गृहस्थ पुढे झाले. "मॅडम, कंबर लई दुखायलीय. ते मागचं ट्रामाडॉलचं पाकीट द्या की एक." चिठ्ठी मागितली तर त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, पाच दिवसांसाठी लिहिलेली.

ही दोन्ही औषधं एकाच गटातली आहेत, त्या गटाचं नाव ओपिऑइड. ज्या घराला ते देणं गरजेचं होतं ते घर धास्तीने थांबलं होतं, आणि ज्यांनी थांबायला हवं होतं ते शेंगाचटणीची पुडी मागावी तसं मागत होते. ही उलटी गत मी वर्षानुवर्षं पाहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच गटातलं टॅपेंटाडॉल हे नाव बातम्यांत आलं. महाराष्ट्रातल्या एका कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झालं आणि टॅपेंटाडॉल व स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्यांचं उत्पादन आणि निर्यात या दोन्हींचे परवाने मागे घेण्याचे आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी राज्यांना दिले. तेव्हापासून काउंटरवर प्रश्न वाढले आहेत. म्हणून सगळं एकदा मुळापासून सांगते.

ओपिऑइड म्हणजे नेमकं काय?

अफूच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. तो वाळला की अफू. याच बोंडातल्या बिया म्हणजे आपण अनारशाला लावतो ती खसखस. १८०५ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या तरुणाने अफूतून तिचं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. तो औषधाच्या दुकानात हाताखाली काम करायचा, हे मला नेहमी आवडतं. त्या द्रव्याचं नाव मॉर्फिन.

अफूतून काढलेली, किंवा कारखान्यात बनवलेली पण शरीरात अफूसारखंच काम करणारी औषधं म्हणजे ओपिऑइड. मॉर्फिन आणि कोडीन अफूतून येतात. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटानिल कारखान्यात तयार होतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या रोजच्या वेदनाशामक गोळ्या या गटातल्या नाहीत. त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक महिनोन्‌महिने खाल्ल्या तर मूत्रपिंड आणि जठराला त्रास होतो, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला.

या गटातही ताकदीचा फरक फार मोठा आहे. कोडीन आणि ट्रामाडॉल सौम्य बाजूला, मॉर्फिन त्याच्या वर, आणि फेंटानिल मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट. म्हणून त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये नसते, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये लिहितात. एकाची गोळी संपली म्हणून दुसऱ्याची तेवढीच घेतली, असं इथे चालत नाही.

दुखणं थांबतं म्हणजे काय होतं?

आमच्या भागातलंच उदाहरण घेते. कारखान्यात माग खडखडत असतो. आवाज कमी करायचे दोन मार्ग आहेत. मागाला तेलपाणी करा, सैल झालेला भाग आवळा. नाही तर कानात बोळे घाला. आयब्युप्रोफेनसारखं औषध मागाकडे जातं, म्हणजे जिथे सूज आहे तिथे. ओपिऑइड कानात बोळे घालतं. माग चालूच असतो, पण त्याचा आवाज मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि जो पोचतो त्याचं काही वाटेनासं होतं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत यासाठी ठरावीक जागा आहेत. आपलं शरीर स्वतःच एंडॉर्फिन नावाची रसायनं बनवतं, ती याच जागांवर बसतात. ओपिऑइड त्याच जागा पकडतं, पण कितीतरी जास्त जोराने. अडचण एवढीच की अशा जागा आतड्यातही आहेत आणि श्वास चालवणाऱ्या केंद्रातही. औषधाला फक्त दुखण्याचा पत्ता सांगता येत नाही. बद्धकोष्ठ, झोप, मळमळ आणि मंदावणारा श्वास हे सगळं तिथून येतं.

बोळ्यांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कॅन्सरची गाठ हाडात गेली असेल तर तो माग बंद करणं कधीकधी कोणाच्याच हातात नसतं, तिथे बोळे हीच दया. पण कंबर दिवसाचे बारा तास चुकीच्या उंचीच्या मागावर वाकल्यामुळे दुखत असेल, तर कानात बोळे घालून तोच माग तसाच चालवणं म्हणजे बिघाड वाढवणं.

"मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नाही. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवर देतात. किती दिवस उरले आहेत हे पाहून देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. गोळी तोंडाने, आणि ठरलेल्या वेळी. साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून दिली जाते. दुखणं असह्य होईपर्यंत वाट पाहिली तर मग ते आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं. लोक नेमकं हेच करतात. "सोसेल तितकं सोसू" म्हणतात आणि मग पहाटे तीनला रिक्षा शोधत फिरतात.

आपल्या देशाची गत पाहा. अफूचा चीक काढण्याची कायदेशीर शेती करणारे देश जगात बोटांवर मोजण्याइतके, त्यात भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवाना घेऊन ही शेती होते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत इतकी वाढली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यांच्यासह सहा औषधांसाठी देशभर एकसारखा, सोपा नियम आला. मान्यता मिळालेला दवाखाना ही औषधं ठेवू शकतो. माझ्यासारख्या गल्लीतल्या दुकानात मॉर्फिन सहसा मिळत नाही. ते त्या दवाखान्यातूनच घ्यावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात कॅन्सर काही परका नाही. ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवणारी देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. मावा आणि तंबाखू आपल्याकडे किती खाल्ली जाते ते मी सांगायला नको. घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "वेदनेसाठी काय देणार?" आणि पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होवो न होवो पण त्रास कमी करण्याच्या उपचारांची, सोय कुठे आहे हेही विचारा. कॅन्सरवरचे उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते.

व्यसन, सवय आणि वाढती मात्रा, या तीन वेगळ्या गोष्टी

यांची गल्लत झाली की भीती चुकीच्या जागी बसते.

रोज सकाळी चहा लागणाऱ्याला एके दिवशी चहा मिळाला नाही तर डोकं दुखतं. त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. शरीराला सवय झालेली असते. ओपिऑइड काही आठवडे रोज घेतलं की जवळजवळ प्रत्येकाला अशी सवय होते, आणि औषध एकदम तोडलं तर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, अंगदुखी, घालमेल सुरू होते. यावर उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार मात्रा हळूहळू उतरवणं. हे व्यसन नव्हे.

दुसरी गोष्ट, तेवढ्याच मात्रेचा असर दिवसागणिक कमी होणं. आमच्या मागवाल्यांचे कान आवाजाला सरावतात तसंच. मग मात्रा वाढवावी लागू शकते. कॅन्सरमध्ये मात्रा वाढण्याचं कारण बरेचदा आजार वाढणं हे असतं.

व्यसन याहून वेगळं. त्यात दुखणं बाजूला राहतं आणि औषधच हवंसं होतं. नुकसान दिसतं, तरी थांबता येत नाही. दोन दुकानांतून घेणं, लपवणं, "पाकीट हरवलं" म्हणून पुन्हा चिठ्ठी मागणं, दुखत नसताना झोपेसाठी किंवा मन हलकं व्हावं म्हणून घेणं, या त्याच्या खुणा. देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्यांत हे क्वचित दिसतं. आधी दारूचं किंवा दुसरं व्यसन असलेल्यांत, मानसिक आजार असलेल्यांत आणि मोठी मात्रा लांबवत नेणाऱ्यांत धोका बराच जास्त असतो. आणि हो, व्यसन हा आजार आहे. तो कोणालाही होऊ शकतो. माझ्या काउंटरवर त्याने जखडलेली शहाणी, कामसू, घरदार सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत.

जीव जातो तो श्वासामुळे

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा.

आपण झोपेतही श्वास घेतो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातलं एक केंद्र ते ओळखतं आणि छातीला हलवतं. सोलापूरकरांना सांगायला सोपं आहे. चार-पाच दिवसांआड, अवेळी पाणी सुटतं, आणि गल्लीत एक शेजारी असा असतो की नळाचा आवाज आला की उठून सगळ्यांची दारं वाजवतो. श्वासाचं केंद्र म्हणजे तो शेजारी. ओपिऑइड त्याला गुंगी आणतं. तो उठतो, पण उशिरा. त्याच रात्री वरून दारू किंवा झोपेची गोळी गेली, तर तो उठतच नाही आणि बाकीच्यांना कळतही नाही की पाणी येऊन गेलं.

म्हणून ओपिऑइडसोबत दारू, ताडी, हातभट्टी काहीही नको. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या तर फार जपून. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा पाकिटावर छापायला लावला. मधुमेहाच्या झिणझिण्यांसाठी देतात ते प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिन हेसुद्धा या यादीत आहेत, आणि हे फार जणांना माहीत नसतं. आमच्याकडे एकाच घरात आजोबांना हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहिलेलं असतं, साखरेच्या डॉक्टरांनी प्रीगॅबलिन आणि झोपेसाठी तिसऱ्याच डॉक्टरांनी अल्प्राझोलाम. तिघांच्या चिठ्ठ्या तीन पिशव्यांत. त्या एकदा एकत्र करून कोणाला तरी दाखवा, डॉक्टरांना किंवा आम्हाला.

जोरात घोरणारे आणि झोपेत श्वास अडकणारे, दम्याचे किंवा फुप्फुसाचे रुग्ण, म्हातारी माणसं, मूत्रपिंड अधू असलेले, यांना कमी मात्रेतही त्रास होऊ शकतो. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचत जातात. डायलिसिसवरच्या रुग्णाची ही बाब डॉक्टरांना आधी सांगा.

धोका ओळखायचा कसा? माणूस हाका मारून, हलवूनही उठत नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. ओठ आणि नखं निळसर पडतात. घशातून घरघर किंवा अडखळत घोरल्यासारखा आवाज येतो. "बरं झालं, आज गाढ झोपलेत" म्हणून घरचे दार लोटून घेतात, तीच वेळ घाताची असते. घड्याळ लावून छातीकडे एक मिनिट पाहा. मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. आठ-दहाच्या खाली आला असेल आणि तो उठत नसेल, तर १०८ ला फोन करा, एका कुशीवर वळवा, आणि कोणतं औषध किती घेतलं ते सांगा. पाकीट सोबत न्या. कांदा हुंगवण्यात, लिंबूपाणी पाजण्यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी गेलं तर ते फुप्फुसात उतरतं. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास द्या. दवाखान्यात नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन देतात. ते ओपिऑइडला त्याच्या जागेवरून हटवतं आणि माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि ओपिऑइड मागे उरलेलं असतं. त्यामुळे शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी नेण्याचा हट्ट करू नये.

आणखी एक. काही आठवडे किंवा महिने औषध बंद राहिलं की शरीराची सहन करण्याची ताकद उतरते. मग जुनीच मात्रा पुन्हा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते. व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेल्या माणसांचे मृत्यू यातून होतात.

पट्टी आणि आमचा उन्हाळा

अप्पांना पुढे गोळी गिळणं जड जाऊ लागलं. डॉक्टरांनी फेंटानिलची पट्टी दिली. ती कातडीला चिकटवायची, तीन दिवसांनी बदलायची. औषध कातडीतून हळूहळू आत जातं. ही पट्टी फक्त आधीपासून ओपिऑइड घेणाऱ्यालाच देतात. नव्या माणसाला, पाय मुरगळला म्हणून, ती लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

मे महिना होता. पत्र्याचं छप्पर, दुपारचे दोन, सोलापूरचं ऊन. त्यात पाठ आखडली म्हणून त्या मुलीच्या आईने गरम पाण्याची पिशवी ठेवली, नेमकी पट्टीच्या वर. उष्णतेने कातडीतला रक्तपुरवठा वाढतो आणि पट्टीतलं औषध भराभर आत ओढलं जातं. मुलगी धावत दुकानात आली. "अप्पा बोलतायत, पण अर्ध्यात झोपी जातायत." मी म्हटलं, पट्टी आधी काढ, पिशवी काढ, जागा साध्या पाण्याने धू, त्यांना एकटं सोडू नकोस, १०८ ला फोन लाव आणि डॉक्टरांनाही. पट्टी काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं, म्हणून त्यांना रात्रभर दवाखान्यात नजरेखाली ठेवावं लागलं. वाचले. पण पट्टी देताना त्या घराला शेकू नका एवढं एक वाक्य कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे पट्टीवर शेक नाही, उन्हात झोपणं नाही, गरमागरम पाण्याची आंघोळ नाही. ताप चढला तर डॉक्टरांना कळवा. पट्टी कापायची नाही. नवी लावण्याआधी जुनी काढली का ते बघा, पाठीवरची विसरली जाते. वापरलेल्या पट्टीतही मुलाचा जीव घेईल इतकं औषध उरतं, म्हणून चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि दवाखान्याने सांगितलं असेल तसं परत करा.

गोळ्यांच्या बाबतीतही असंच एक पथ्य आहे. बारा तास हळूहळू सुटणारी गोळी कुटून, चावून, पाण्यात विरघळवून देऊ नका. बारा तासांचं औषध एकदम सुटतं.

पोट साफ होत नाही, हे किरकोळ नाही

मळमळ आणि झापड पहिल्या काही दिवसांत बहुतेकांना कमी होते. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतं, त्याला शरीर सरावत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू होतं त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही सुरू व्हायला हवं. घरोघरी आधी इसबगोल आणलं जातं. इथे ते सोयीचं नाही. रुग्ण पाणी कमी पितो, आतडी मंदावलेली असतात, भुशी फुगून आतच अडकू शकते. आतड्याला चालना देणारं बिसाकोडिल किंवा सेन्नासारखं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं. अनेक रुग्ण पोटाच्या त्रासाने मॉर्फिन सोडतात आणि परत वेदनेत जातात, हे मला फार लागतं.

"पण मला कंबरेसाठी तीच गोळी लागू पडते"

लागू पडल्यासारखी वाटते, हे मी नाकारत नाही. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसतात. त्यांच्या पाठीचं दुखणं खरं आहे. पण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने कंबर किंवा मान धरलेल्या ३४७ जणांपैकी काहींना ओपिऑइड दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी दुखण्यात फरक नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखी, गुडघे व खुब्याच्या झिजेचे २४० रुग्ण वर्षभर पाहिले. ओपिऑइड घेणारे साध्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा जास्त हिंडूफिरू लागले नाहीत, आणि त्यांना दुष्परिणाम जास्त झाले.

उलट लांबवर घेतल्याने काही जणांत दुखण्याची जाणीवच तीव्र होते. शेक, व्यायाम, बसण्याची उंची बदलणं, दर तासाला उठणं, साधी वेदनाशामकं थोडे दिवस, हे उपाय सांगितले की गिऱ्हाईक हिरमुसतं. हजेरीवर काम करणाऱ्या बाईला "तासाला उठा" सांगणं किती सोपं आणि तिने ते करणं किती अवघड, हे मला कळतं. तरी सांगते.

ट्रामाडॉल हे आपल्याकडे सगळ्यात ओळखीचं, म्हणून त्याचं थोडं वेगळं. त्याने झटके येऊ शकतात, विशेषतः मात्रा वाढली किंवा आधी फिट्सचा त्रास असेल तर. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत ते घातक ठरतं. घाम, कापरं, ताप, गोंधळ अशी लक्षणं दिसतात. साखर अचानक उतरू शकते. शिवाय ते बरेचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असतं. वरून तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडॉल द्यायचं नाही, अंगावर पाजणाऱ्या आईने घ्यायचं नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध घरातल्या मोठ्यांचं उरलेलं म्हणून मुलाला चमचाभर पाजणं बंद करा.

शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यावर ओपिऑइड देतात ते योग्यच. पण बहुतेक वेळा तीन दिवस, फार तर आठवडा पुरतो. अमेरिकेतल्या नोंदींमध्ये असं दिसलं की पहिली चिठ्ठी जितक्या जास्त दिवसांची, तितकी वर्षभरानंतरही औषध चालू राहण्याची शक्यता जास्त, आणि ती तिसऱ्या दिवसापासूनच चढू लागते.

"अमेरिकेसारखं इथे होईल का?"

तिथे काय झालं ते थोडक्यात. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. दवाखान्यात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसन दिसलं, असं त्यात होतं. हे सगळे दाखल रुग्ण, नर्सच्या हातून औषध घेणारे. पण पुढे ते पत्र ६०० हून अधिक वेळा आधार म्हणून वापरलं गेलं आणि "वेदना असलेल्याला व्यसन लागत नाही" असा समज रुजवला गेला. १९९६ मध्ये ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची दीर्घकाळ सुटणारी गोळी बाजारात आली आणि कंबरदुखीलाही लिहिली जाऊ लागली. बनवणाऱ्या कंपनीने पुढे २००७ आणि २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०२२ या एका वर्षात तिथे ओपिऑइडने ८० हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक बेकायदा फेंटानिलने.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, पण निर्धास्त राहण्यासारखं नाही. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार सुमारे २.२६ कोटी भारतीय या ना त्या रूपात ओपिऑइड घेतात, आणि त्यात औषधाच्या गोळ्या-सिरपांचा वाटा मोठा आहे. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. शेड्यूल एच वन या कडक नियंत्रणाच्या यादीतल्या औषधांसाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, संख्या, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. म्हणून आम्ही चिठ्ठी मागतो. मागितली की रागावू नका. न मागता देणाऱ्या दुकानात मात्र सावध राहा.

थांबायचं असेल तर

मनाशी ठरवून एकदम तोडू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा पायरीपायरीने उतरवतात. व्यसन जडलं असेल तर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं आहेत. "एक नशा सोडवायला दुसरी?" असं घरचे विचारतात. ही औषधं तलफ आणि अंगाचा त्रास शमवतात, ठरलेल्या मात्रेत घेतली तर माणूस कामावर जाऊ शकतो, आणि मृत्यूचा धोका निश्चित घटतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ या क्रमांकांवर फुकट बोलता येतं.

उरलेल्या गोळ्यांचं काय?

ओपिऑइड देवघरात, फ्रिजवर, पर्समध्ये ठेवायचं नाही. कुलूप असलेल्या डब्यात ठेवा, एकाने मोजून द्या, आणि कोणती गोळी किती वाजता दिली ते वहीत लिहा. शेजारच्या काकूंना गुडघ्यासाठी "एक घेऊन बघा" म्हणून द्यायचं नाही.

त्या मुलीने अशी वही ठेवली होती, शाळेच्या दुरेघी वहीची मागची पानं. अप्पांनी त्या डिसेंबरात पहिली गोळी घेतली त्या रात्री सहा तास झोपले. पट्टीचा तो दिवस सोडला तर ते वर्ष बरं गेलं. पुढच्या संक्रांतीला मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज पाहून आले, गड्ड्यात, म्हणजे तिथल्या जत्रेत, नातवाला पिपाणी घेऊन दिली. फेब्रुवारीत गेले. दिवसकार्य झाल्यावर मुलगी स्टीलचा डबा आणि वही घेऊन दुकानात आली. दोन पट्ट्या आणि चौदा गोळ्या. आम्ही काउंटरवर मोजल्या, वहीशी ताळा जुळला. मी पाकिटावर नाव आणि संख्या लिहून दिली, आणि ती ते परत द्यायला एस.टी.ने कॅन्सरच्या दवाखान्यात गेली.